तक्रारीची पोच

माणूस अर्जाच्या दोन प्रती घेऊन कार्यालयात जातो. एक प्रत टेबलावर राहते, दुसरीवर शिक्का उमटतो, तारीख पडते आणि शाईने आवक क्रमांक लिहिला जातो. ही दुसरी प्रत तो चार घड्या घालून खिशात ठेवतो. घरी ती रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या पिशवीत जाते आणि महिनाभराने काम झालं नाही की पुन्हा बाहेर निघते. मराठीत तिला आपण पोच म्हणतो. शब्द फार नेमका आहे. आपलं म्हणणं तिथवर पोचलं, एवढंच ती सांगते, पण तेवढ्यावर माणूस दुसऱ्या खेपेला ताठ मानेने कार्यालयाची पायरी चढतो.

जळगाव जिल्ह्यातल्या यावलसारख्या गावात या कागदाला आणखी एक अर्थ आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये यावलची नोंद जाड देशी कागदासाठी आणि निळीसाठी एके काळी नावाजलेलं गाव अशी आहे. तो कागद गेला आणि ती नीळही गेली. निंबाळकरांच्या किल्ल्याच्या भिंती राहिल्या, भोवती केळीचे मळे आले आणि तालुक्याचा कारभार आला. तहसील, पंचायत समिती, नगर परिषद, वीज कंपनीचं उपविभागीय कार्यालय, जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचा कारभार पाहणारं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असा हा पसारा आहे. या प्रत्येक दारात रोज कुणीतरी काहीतरी सांगायला येतो. डीपी जळाली, नळाला पाणी नाही, वसतिगृहातली मोटार बंद आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलाय.

ही सांगणी नोंदवून ठेवणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. साध्या लिनक्स सर्व्हरवर ती दुपारभरात बसतात. इंग्रजी नावात त्यांना हेल्पडेस्क किंवा तिकिटिंग म्हणतात. ती कोणती, कशी बसवायची, मराठीत कशी चालतात आणि छोट्या गावच्या कार्यालयाने, शाळेने, सहकारी संस्थेने त्यातलं काय घ्यावं, या सगळ्याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवणं हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. त्यातून निघणारा क्रमांक हे संस्थेने स्वतःच्या नावावर लिहून घेतलेलं देणं आहे, हे मान्य करणं हा अवघड भाग.

बारनिशी ते तिकीट

‘तिकीट’ म्हटलं की आपल्याला एसटीचं तिकीट आठवतं. बिघाडाच्या अर्थाने तो शब्द टेलिफोन कंपन्यांच्या कामातून रुळला. ग्राहकाने बिघाड कळवला की कागदाच्या तुकड्यावर नोंद व्हायची आणि तो तुकडा तंत्रज्ञाच्या हाती जायचा. काम झालं की त्यावर शेरा मारून परत. संगणकातल्या तिकिटात आजही तेवढंच असतं. कुणी सांगितलं, काय सांगितलं, कधी सांगितलं, सध्या कुणाकडे आहे आणि पुढे काय झालं.

आपल्याकडे याला समांतर अशी भक्कम कागदी पद्धत होती आणि आहे. सरकारी कार्यालयातली बारनिशी म्हणजे आलेल्या-गेलेल्या टपालाची शाखा. तिथला क्रमांक पडल्याशिवाय अर्ज अस्तित्वात येत नाही. पुढे लिपिकाच्या टेबलावर सहा गठ्ठा पद्धत. चालू कामाची प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची कागदपत्रं असे सहा गठ्ठे. कागद किती काळ ठेवायचा याचेही वर्ग ठरलेले असतात. ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे आणि ‘ड’ एका वर्षाचे. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी टेबलं, दप्तर आणि कामाचा ओघ यांची फेरमांडणी केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो प्रयोग राज्यभर गाजला, तेव्हा संगणक कुणाच्या टेबलावर नव्हता.

म्हणून तिकिटिंग सॉफ्टवेअर ही परकी कल्पना समजायचं कारण नाही. चालू, प्रतीक्षाधीन, निकाली या तिन्ही अवस्था आपल्या लिपिकाला पाठ आहेत. सॉफ्टवेअर त्यात दोन गोष्टींची भर घालतं. अर्ज कुठल्या टेबलावर पडून आहे हे ते अर्जदारालाही दाखवू शकतं, आणि दिवस मोजायचं काम ते विसरत नाही.

कायद्यातलं घड्याळ

दिवस मोजण्याची तरतूद महाराष्ट्रात आधीपासून आहे. २००५ सालच्या कायद्याचं नाव लांबलचक आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध, असे दोन विषय त्याने एकत्र घेतले. त्यातल्या बदल्यांबद्दल सगळे बोलतात, विलंबाबद्दल फार थोडे. त्यातला दंडक असा की सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. पुढे २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाही दिली तर प्रथम अपील, द्वितीय अपील, शेवटी आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती.

मोठ्या पातळीवर तक्रारीची दारंही उघडली गेली. राज्याचं ‘आपले सरकार’ हे तक्रार निवारणाचं पोर्टल २०१५ साली सुरू झालं, ते एकवीस दिवसांच्या मुदतीची ग्वाही देत. केंद्राची सीपीग्राम्स ही यंत्रणा २००७ पासून आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिची मुदतही एकवीस दिवसांवर आणली गेली. विजेसाठी १९१२ हा क्रमांक आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. मुंबईत प्रजा फाउंडेशनने महापालिकेबरोबर १९९९ मध्ये नागरिकांची सनद आणि २००३ मध्ये ऑनलाइन तक्रार नोंदणीची व्यवस्था उभी करायला हात लावला. नंतर त्याच तक्रारींच्या आकड्यांवरून वॉर्डनिहाय अहवाल काढून नगरसेवकांपुढे ठेवले. तक्रारीची नोंद नीट झाली की ती एका माणसाच्या गाऱ्हाण्यापलीकडे जाते आणि शहराचं दुखणं कुठे आहे ते दाखवते, हे त्या कामाने पटवून दिलं.

केळी पिकवणाऱ्या आपल्या भागाला तक्रार क्रमांकाचं मोल वेगळं सांगायला नको. वादळवाऱ्यात बाग आडवी झाली की फळपीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. सूचना दिल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा लागतो. गावात त्याला ‘डॉकेट नंबर’च म्हणतात. बाग पडली ती सर्वांनी पाहिलेली असते, तरी नुकसान सिद्ध करायला तो क्रमांक आणि त्यावरची वेळ लागते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात दुसरं काही नसतं.

मग उणीव कुठे आहे? या सगळ्या यंत्रणा वरून खाली येणाऱ्या आहेत. पोर्टलवर टाकलेली तक्रार शेवटी तालुक्याच्या टेबलावर उतरते आणि तिथे पुन्हा वही, फोन आणि व्हॉट्सॲपचा गट. नगर परिषदेचा पाणीपुरवठा विभाग, वसतिगृहाचे अधीक्षक, पतसंस्थेचा संगणक विभाग, महाविद्यालयाची प्रयोगशाळा या पातळीवर स्वतःची छोटी नोंदव्यवस्था लागते. मुक्त सॉफ्टवेअरची जागा इथे आहे. केंद्र सरकारनेही २०१५ साली धोरण आखून शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिलं आहे.

बाजारात काय आहे

या घराण्यातलं सर्वांत जुनं नाव रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे आरटी. जेसी व्हिन्सेंट यांनी ते १९९६ मध्ये लिहिलं. भाषा पर्ल. विद्यापीठांत आणि मोठ्या संगणक केंद्रांत ते अजूनही नांदतं. भक्कम आहे, पण नवख्या माणसाला त्याचा चेहरा रुक्ष वाटतो.

दुसरं ओटीआरएस, जर्मनीतलं, २००१ पासूनचं. त्याची कथा समजून घेण्यासारखी आहे. मूळ कंपनीने २०२०च्या अखेरीस त्याची मोफत आवृत्ती थांबवली. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं असल्यामुळे इतरांनी तोच कोड उचलला आणि झ्नुनी या नावाने पुढे चालू ठेवला. ओटीआरएसचे मूळ कर्ते मार्टिन एडेनहोफर यांनी तर नव्या भाषेत झॅमॅड हे वेगळंच सॉफ्टवेअर उभं केलं. मुक्त परवान्याचा खरा अर्थ इथे कळतो. पैसे वाचतात ही बाब दुय्यम. मालकाने दुकान बंद केलं तरी तुमची वही तुमच्याकडे राहते, हे मोठं.

तिसरं ओएसटिकेट. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, हलकं आहे. छोट्या कार्यालयात सर्वांत आधी याचंच नाव निघतं. फ्रीस्काउट त्याहून साधं. एकाच ईमेलच्या पेटीत अनेकांनी मिळून काम करावं एवढ्याच गरजेसाठी ते उत्तम. जीएलपीआय फ्रान्समधलं. त्याचं बलस्थान मालमत्तेच्या नोंदीत आहे. कोणत्या खोलीत कोणता संगणक, कोणता प्रिंटर, कधी घेतला, हमी कधी संपते, आणि त्या वस्तूवर आजवर किती तक्रारी आल्या, हे सगळं ते एका धाग्यात ओवतं. आश्रमशाळा, वसतिगृहं किंवा महाविद्यालय यांना ते फार उपयोगी पडावं.

भारतीय नावंही आहेत. झोहो आणि चेन्नईत २०१० साली सुरू झालेली फ्रेशवर्क्स या दोघांची हेल्पडेस्क सेवा जगभर वापरली जाते. त्या भाड्याच्या सेवा, आपल्या सर्व्हरवर बसवायच्या नव्हेत. मुंबईची फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी मात्र मुक्तस्रोताची. ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं आणि व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर जगभर नेणाऱ्या याच मंडळींनी फ्रॅपे हेल्पडेस्क बनवलं. ज्या सहकारी संस्थेत ईआरपीनेक्स्ट आधीच चालू आहे तिने दुसरीकडे पाहू नये.

सर्व्हरवर चढवताना

आता प्रत्यक्ष बसवणं. उदाहरण ओएसटिकेटचं घेऊ, कारण त्यातले धडे बाकीच्यांनाही लागू पडतात.

आधी लिनक्सची निवड. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांना पाच वर्षं सुरक्षा सुधारणा मिळतात, डेबियनही तितकंच भरवशाचं. सेंटओएस ७ला ३० जून २०२४ पासून सुधारणा मिळत नाहीत. जुन्या पुस्तिका पाहून आजही कुणी ते बसवत असेल तर त्याने थांबावं.

दुसरी गोष्ट आवृत्त्यांचा मेळ. नवखा माणूस अडतो तो बहुतेक वेळा इथेच. ओएसटिकेटची १.१८ मालिका आली ती पीएचपी ८.१ आणि ८.२ साठी. डेबियन १२ सोबत पीएचपी ८.२ येतं, उबुंटू २२.०४ सोबत ८.१ आणि उबुंटू २४.०४ सोबत ८.३. म्हणजे सर्वांत नवं लिनक्स घेतलं की सगळं सुरळीत, असं नसतं. शिवाय ईमेल ओढून घ्यायला लागणारी आयमॅप ही पुरवणी पीएचपी ८.४ पासून मूळ संचातून बाहेर काढली आहे, ती वेगळी बसवावी लागते. आधी सॉफ्टवेअरच्या अटी वाचाव्यात, मग त्याला जुळणारं लिनक्स निवडावं.

पुढची कामं क्रमाने होतात. सर्व्हर अद्ययावत करणं, फायरवॉलमध्ये लागतील तेवढीच दारं उघडी ठेवणं, दुरून आत शिरायला पासवर्डऐवजी किल्ली वापरणं. मग अपाचे किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी आणि त्याच्या पुरवण्या. डेटाबेसमध्ये या सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र वापरकर्ता करून त्याला फक्त त्याच्याच तक्त्यांचा अधिकार द्यायचा. फाइली उलगडायच्या, नमुन्याच्या संरचना फाइलची प्रत करायची, तिला तात्पुरती लिहिण्याची मुभा द्यायची आणि ब्राउझरमधून प्रश्नांची उत्तरं देत मांडणी पुरी करायची. झाल्यावर दोन गोष्टी न विसरता करायच्या. सेटअपचा फोल्डर काढून टाकायचा आणि संरचना फाइल फक्त वाचण्यापुरती करायची. हे राहिलं तर घर बांधून किल्ली दारालाच ठेवल्यासारखं होतं.

मग लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र. त्याची मुदत थोडी असते आणि नूतनीकरण आपोआप होतं. पण ते खरोखर होतंय का, हे पाहण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. शेवटी क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम. दर पाच मिनिटांनी आलेले ईमेल ओढायचे, मुदत उलटलेल्या तक्रारी लाल करायच्या, हे सगळं क्रॉन करतं. क्रॉन बसवायचा राहिला तर सॉफ्टवेअर दिसायला चालू असतं आणि आतून झोपलेलं असतं.

सर्व्हर गावातच ठेवायचा की भाड्याने घ्यायचा? खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. वीज जाते. ज्या खोलीत वातानुकूलन नाही, यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते कुणाला ठाऊक नाही, तिथे तक्रारीची वही ठेवणं जोखमीचं आहे. कायद्याची किंवा धोरणाची अडचण नसेल तर छोट्या संस्थेने भारतातल्याच डेटा सेंटरमधला लहान सर्व्हर भाड्याने घ्यावा. शासकीय कार्यालयाने एनआयसी किंवा राज्याच्या व्यवस्थेतून जावं.

ईमेल नसलेला अर्जदार

ओएसटिकेटची खरी अडचण बसवून झाल्यावर कळते. ते अर्जदाराला ईमेलच्या पत्त्याने ओळखतं. ज्या देशांत ते वाढलं तिथे हे स्वाभाविक होतं. न्हावी, साकळी किंवा किनगावहून आलेल्या शेतकऱ्याला ईमेल विचारला तर तो मुलाचा देईल किंवा नाही म्हणेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेल्या आजीबाईंना विचारायचंच काय? त्यांच्याकडे मोबाइल आहे, तोही नातवाचा.

यावर एक तोड आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने मोबाइल क्रमांकापासून संस्थेच्याच डोमेनवर एक नामधारी पत्ता करायचा आणि त्या पत्त्यांना जाणारी स्वयंचलित उत्तरं बंद ठेवायची, नाहीतर परत आलेल्या टपालाचा ढीग लागतो. चालतं, पण ओढाताण होते. झॅमॅडमध्ये नुसत्या नावाने किंवा फोन क्रमांकाने अर्जदार नोंदता येतो, शिवाय व्हॉट्सॲप बिझनेसची जोडणीही आहे. मात्र ते जड आहे. किमान ४ जीबी स्मृती, आणि शोधासाठीचं इलॅस्टिकसर्च त्याच यंत्रावर ठेवायचं तर आणखी तेवढीच. म्हणून ही निवड आवडीनिवडीची नाही. लोक ईमेलने बोलत असतील, जसं महाविद्यालयात किंवा कंपनीत, तर ओएसटिकेट किंवा फ्रीस्काउट. लोक खिडकीवर येऊन किंवा फोनवर बोलत असतील तर झॅमॅडसाठी लागणारी जादा स्मृती विकत घेतलेली बरी.

मराठी कुठे अडते

देवनागरी आता साठवता येते का, हा प्रश्न मिटला आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘तक्रार’ या शब्दात हलन्त आणि काना धरून सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटांच्या मांडणीतही हे मावतं, पण लोक इमोजी पाठवतात आणि त्यांना चार बाइट लागतात. म्हणून चार बाइटांची मांडणी आधीच निवडावी.

अडतं ते शोधताना. मराठी शब्द विभक्तीने बदलतो. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याची टाकी’ सापडत नाही, ‘मोटार’ शोधलं तर ‘मोटारीला’ निसटू शकतं. त्यात अर्धे लोक मराठीच रोमन लिपीत लिहितात. म्हणून शोधावर विसंबू नये. विषयांची यादी सुरुवातीलाच नीट करावी आणि ती लोकांच्या शब्दांत असावी. ‘विद्युत रोहित्र नादुरुस्ती’ असं न लिहिता ‘डीपी जळाली’ असं लिहावं. ‘पाणी कमी दाबाने’, ‘गटार तुंबली’, ‘पथदिवा बंद’. दहा-बारा विषय पुरतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये विषय, अर्जाचे रकाने आणि उत्तरांचे नमुने आपल्याला हवे तसे लिहिता येतात. त्यामुळे आतली बटणं इंग्रजीत राहिली तरी लोकांना दिसणारा चेहरा पूर्ण मराठी करता येतो.

छपाई तपासायलाच हवी. पोचपावतीची पीडीएफ करताना योग्य फॉन्ट आणि अक्षरजुळणी नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. फुटक्या अक्षरांची पोच हातात पडली की माणसाचा त्या संस्थेवरचा विश्वासही तडकतो. पहिल्याच दिवशी ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘र्‍हास’ असे शब्द छापून पाहावेत.

एसएमएसचं गणित वेगळं आहे. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७० चिन्हं. त्यापलीकडे गेलं की दुसऱ्या संदेशाचे पैसे. ‘तुमची तक्रार नोंदली. क्र. १०४५. मुदत ७ दिवस.’ एवढं वाक्य मोकळ्या जागा धरून ४४ चिन्हांत बसतं आणि त्यात माणसाला हवं ते सगळं आहे. ‘महोदय, आपण केलेल्या तक्रारीच्या अनुषंगाने’ अशी सुरुवात केली की अर्ध्याहून जास्त जागा नमस्कारातच जाते. संदेशाचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे शब्द एकदाच आणि विचार करून ठरवावेत.

ईमेल पाठवण्यातही अशीच पूर्वतयारी लागते. डोमेनच्या नोंदीत एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क नसतील तर पोच स्पॅमच्या टोपलीत जाते. जीमेल आणि मायक्रोसॉफ्टने नुसत्या पासवर्डने पेटी उघडू देणं थांबवत आणलं आहे, ओऑथ पद्धतीने जोडणी करावी लागते. जुन्या सूचनांप्रमाणे बसवणारे इथे तासन्‌तास घालवतात.

बसवल्यानंतरचे दिवस

सॉफ्टवेअर बसवणारा मुलगा हुशार असतो. पुढच्या वर्षी तो पुण्याला जातो. त्याच्या डोक्यात असलेले पासवर्ड, क्रॉनच्या ओळी, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख त्याच्याबरोबर जाते. लहान गावातल्या अशा कितीतरी यंत्रणा बिघडून बंद पडत नाहीत, त्या बेवारस होतात. म्हणून बसवल्याच्या दिवशी एक छापील वही करावी. कोणतं लिनक्स, कोणती आवृत्ती, डेटाबेस कुठे, भाडं कुणाच्या नावाने, कोणत्या तारखेला. कागदाचं गाव होतो आपण, एवढा कागद परवडेल.

सुरक्षा प्रतीचंही तसंच. ओएसटिकेटमध्ये डेटाबेस आणि जोडपत्रं यांबरोबर संरचना फाइलचीही प्रत लागते, कारण साठवलेले ईमेलचे पासवर्ड उलगडणारी गुप्त किल्ली त्या फाइलमध्ये असते. ती हरवली तर बाकी सगळं असूनही पेट्या उघडत नाहीत. आणि प्रत घेणं म्हणजे निम्मं काम. तिमाहीतून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उलगडून पाहिली तरच ती खरी.

कायद्याची जबाबदारीही आता येते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांच्या आत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तक्रारीत लोक आधार, बँक खातं, आजारपण, घरातलं भांडण सगळं लिहितात. लागत नाही ते मागू नये. आणि वर्ग ‘ड’चा कागद वर्षाने नष्ट करणाऱ्या आपल्या जुन्या शिस्तीप्रमाणे, जुन्या तक्रारी किती काळ ठेवायच्या तेही ठरवून घ्यावं.

मुदतीचं घड्याळ लावताना सुट्ट्या भरायला विसरू नये. राज्य शासनाचा पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून आहे. सात दिवस म्हणजे कामाचे सात दिवस, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. आखाजीच्या सणाला खिडकीवर कोण असणार, तेही ठरवावं लागतं. नाहीतर सोमवारी सकाळी पडदा लाल दिसतो, कर्मचारी त्या लालाला सरावतात आणि एकदा सरावले की घड्याळ असून नसल्यासारखं.

सर्वांत मोठा धोका तक्रार बंद करण्यात आहे. निकाली काढलेल्या तक्रारींची टक्केवारी वर मागितली जाऊ लागली की खाली बटण दाबण्याचा हात सैल होतो. ‘संबंधित विभागास कळविले आहे’ असं लिहून तक्रार बंद होते आणि नळ कोरडाच राहतो. सीपीग्राम्सने निकालानंतर तक्रारदाराला फोन करून विचारण्याची आणि अपिलाची सोय केली, ती याच अनुभवातून. छोट्या संस्थेने दोन नियम पाळावेत. तक्रारदाराला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि महिन्याच्या अहवालात निकाली किती याच्या शेजारी पुन्हा उघडलेल्या किती हा आकडा छापायचा. दुसरा आकडाच संस्थेची खरी प्रकृती सांगतो.

यावलपुरतं बोलायचं तर

सगळ्या कार्यालयासाठी एकदम सुरुवात करू नये. एक विभाग घ्यावा, जिथे तक्रारी रोजच्या आहेत आणि उत्तर देणारा माणूस ठरलेला आहे. नगर परिषदेचा पाणीपुरवठा किंवा आश्रमशाळांच्या इमारत-दुरुस्तीची मागणी, एवढंच. दहा विषय, दोन कर्मचारी, एक फोन. सहा महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवावं. फैजपूर, भुसावळ, जळगाव इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना हा प्रकल्प म्हणून द्यावा, पण एकाला नव्हे, दरवर्षी दोघांना, जुन्याने नव्याला शिकवून जावं अशा बेताने. मुलांना खरा सर्व्हर सांभाळायला मिळेल आणि संस्थेला बेवारस न होणारी व्यवस्था.

सॉफ्टवेअरच्या निवडीत सर्वांत भारी ते घेऊ नये. पाच वर्षांनी गावातल्या कुणाला तरी दुरुस्त करता येईल ते घ्यावं. खिडकीवर येणारा माणूस फोन क्रमांकानेच ओळखला जाईल ते घ्यावं. मराठी पोच नीट छापणारं घ्यावं. बाकी रंगरूप, आलेख, कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरं, हे सगळं नंतर.

मराठीत पोच शब्दाला दुसराही अर्थ आहे. ‘त्याची पोच मोठी’ किंवा ‘त्याला तेवढी पोच नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा समज आणि आवाका यांबद्दल बोलत असतो. संस्थेच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच होतात. आलेल्या प्रत्येकाला ती पोच देते का, यावरून तिची पोच किती ते कळतं. सर्व्हरने दिलेला क्रमांक घेऊन माणूस घरी जातो आणि चौथ्या दिवशी न विचारता त्याला फोन येतो, ‘दादा, मोटार बसवली, पाणी येतंय का बघा.’ लिनक्सवर घालवलेली ती दुपार सार्थकी लागली की नाही, ते त्या फोनवरून ठरतं.